तीनशे पंच्याऐंशी लाडवांचा पिरॅमिड

साखरपुड्याच्या पंगतीत उद्धवराव असनारे यांनी व्याह्यांच्या थोरल्या भावाची चूक दुरुस्त केली, आणि तिथून पुढे चार महिने असनाऱ्यांच्या घरात कोणालाही सुखाने बसता आलं नाही.

चूक तशी बारीक होती. भगवंतराव, म्हणजे नवऱ्या मुलाचे, केदारचे, काका, पूल बांधून बांधून निवृत्त झालेले इंजिनिअर. अकोल्याला जठारपेठेतल्या त्यांच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय कुकरची शिटीसुद्धा होत नाही, अशी नवऱ्या मुलीची, अश्लेषाची, माहिती होती. जेवताजेवता मांडवाच्या छताकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तो वरचा त्रिकोण काही मजबूत दिसत नाही बुवा."

उद्धवरावांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली. "त्रिकोण नाही तो. पिरॅमिड आहे. त्रिकोणाला जाडी नसते."

एकतीस वर्षं अमरावतीच्या शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाच्या तोंडून असलं वाक्य शिंक यावी तसं येतं. त्यात कोणाचा अपमान करायचा हेतू नसतो. पण सत्तर पानं वाढलेली होती, आणि सत्तरही पानांनी ते ऐकलं.

"मास्तर," भगवंतराव हसत म्हणाले, "तुमचं बरं असतं. फळ्यावर काढलेलं कधी कोसळत नाही."

पंगत खो खो हसली. उद्धवरावांच्या सख्ख्या मेव्हण्यालाही हसताना ठसका लागला. वास्तविक हायस्कुलात शिकवणाऱ्याला लोक सर म्हणतात. शिवाय एकतीस वर्षांत उद्धवरावांनी फळ्यावर काढलेलं वर्तुळ कंपासने तपासून बघावं, इतकं गोल असे. अशा माणसाने या वेळी गालातल्या गालात हसून जिलबी मागायला हवी होती. पण ते ताठ बसले आणि म्हणाले, "लग्नाच्या रुखवतात मी पिरॅमिड उभा करून दाखवतो. खरा. दहा थर. खाली दहा बाय दहा, मग नऊ बाय नऊ, असं करत टोकाला एक. तीनशे पंच्याऐंशी लाडू. आत काडी नाही, बाहेर दोरा नाही, नुसत्या टेबलावर."

"वा!" भगवंतराव म्हणाले. "पडला की सांगा, मी यंत्रसामग्री पाठवतो."

घरी आल्यावर अनुपमाबाईंनी नवऱ्याशी दोन दिवस फक्त भाजीपुरतं बोलायचं ठरवलं. अश्लेषा मात्र बोलली. "बाबा, तुम्ही एक दिवस पिरॅमिड उभा करणार. मला त्या घरात रोज राहायचं आहे. तो पडला ना, तर माझा पहिला स्वयंपाक बिघडो, गाडी बंद पडो, काहीही होवो, भगवंतकाका म्हणणार, कोसळणाऱ्यांची मुलगी. केदारसुद्धा हसेल. मला ते जन्मभर ऐकावं लागेल."

 उद्धवरावांना एकुलती एक मुलगी होती, आणि आपल्या एका वाक्यापायी तिच्या वाटेला काय येऊ शकतं हे त्यांना त्या क्षणी भीती वाटेल इतकं स्पष्ट दिसलं. आता पिरॅमिड पडून चालणारच नव्हता.

वसाहतीत बातमी पसरायला एक दुपार पुरली. आपल्याकडे लोकांना पैसे मागितले तर मिळत नाहीत, पण सल्ला न मागता घरपोच येतो. पहिले आले निवृत्त तलाठी नत्थुजी. त्यांच्या पलंगाखाली तांब्याचे नऊ पिरॅमिड ठेवलेले आहेत आणि त्यामुळे त्यांची कंबर दुखत नाही. सौभाग्यवतींची दुखते, कारण झाडताना ते नऊ पिरॅमिड त्यांनाच उचलावे लागतात. "सर, टोक उत्तरेले ठेवा," नत्थुजी म्हणाले.

"टोक वर असतं हो!"

"वर असू द्या न. पर उत्तरेकडं थोडं झुकवा."

मग समोरच्या घरची सून पौर्णिमा आली. ती आहारतज्ज्ञ. तिच्या शास्त्रातही पिरॅमिड असतो, आणि त्यात गोड पदार्थ अगदी टोकाला, चिमूटभर असतात. "काका, तुमच्यात पायापासून गोडच आहे," ती कळवळून म्हणाली आणि पहिल्या थराला मोड आलेले मूग सुचवून गेली. कोपऱ्यावरच्या विमा एजंटाने गेटमधूनच हात मिळवला. "सर, तुम्ही पिरॅमिडमध्ये येऊन राहिले म्हणे! सोपं आहे. तुमच्या खाली चार जण जोडायचे, त्यांच्या खाली नऊ..." चारनंतर नऊ, म्हणजे वर्गसंख्या बरोबर घेतो आहे, याचं उद्धवरावांना क्षणभर कौतुक वाटलं, मग त्यांनी गेट लावून घेतलं. डॉक्टरांनी तर मागच्या वर्षीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून दाखवला की सर, तुमच्या मूत्रपिंडातसुद्धा पिरॅमिड आहेत, प्रत्येकाच्या असतात. इतके पिरॅमिड जगात सुखाने उभे होते. उद्धवरावांचाच तेवढा व्हायचा होता.

खरा आधार दिला शेजारच्या खुशालरावांनी. त्यांची भातकुलीला काळ्या मातीची चांगली शेती आहे आणि मुलांच्या कॉलेजसाठी बांधलेलं घर अमरावतीत. त्यांच्या पत्नी गोदाबाई पाकातले रव्याचे लाडू असे करतात की ते महिनाभर राहतात, म्हणजे राहू दिले तर. गोदाबाईंनी आपल्या चार मैत्रिणी जमवल्या आणि असनाऱ्यांच्या स्वयंपाकघरात तुपाचा वास घुमायला लागला.

इथे उद्धवरावांनी दुसरी चूक केली. पाच बायकांचे दहा हात. लाडू पाच प्रकारचे होत होते. एका बाईंचा लिंबाएवढा, एकींचा संत्र्याला भिडणारा. उद्धवरावांनी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून पाच सेंटिमीटर व्यासाचं एक कडं कापलं आणि प्रत्येक लाडू त्यातून पास होतो की नाही ते पाहायला सुरुवात केली. पास झालेले उजवीकडे, नापास डावीकडे. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सवयीने ते नापास लाडवांकडे पाहून "निष्काळजीपणा" असं पुटपुटले.

गोदाबाईंनी परात सरकवली. "कावून हो सर? माह्या लाडवाले कडं लावता? माह्या सासूनं कदी नाव नाई ठेवलं, आन तुमी नापास करून राहिले?" पाचही जणी पदराला हात पुसत उठल्या. पाक कढईत गार होऊन दगड झाला. लग्नाला वीस दिवस उरले होते आणि लाडू झाले होते एकसष्ट, त्यातले पास बावीस.

"जा," अनुपमाबाई म्हणाल्या. "आणि ते कडं घरी ठेवून जा."

उद्धवराव शेजारी गेले. मुख्याध्यापकांपुढेही कधी न वाकलेली मान त्यांनी गोदाबाईंच्या ओट्यापुढे वाकवली.  गोदाबाईंनी गरम मिश्रणाची परात पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "वळा."

पाकातला लाडू गरम असतानाच वळावा लागतो. उद्धवरावांनी सतरा वळले. दहाही बोटं लाल झाली. एकही लाडू दुसऱ्यासारखा झाला नाही, आणि एक तर चौकोनी झाला, जे भूमिती शिकवणाऱ्या माणसाला जास्तच लागलं. मग गोदाबाईंनी मिश्रण हातात घेतलं, खिडकीबाहेर पाहत पाहत चार वळले, आणि ते चारही अगदी जुळे निघाले. "कडं माह्या हातात हाय सर. तुमी फक्त लिंबाएवढा का संत्र्याएवढा ते सांगा. मी त्या बायाईले शिकवतो." त्यानंतर पाच दिवस उद्धवरावांनी स्वयंपाकघरात फक्त पाणी आणून देण्यापुरता प्रवेश केला. लाडू तीनशे नव्वद झाले, पाच जास्तीचे, आणि सगळे सारखे.

तालमीचा प्रयोग जेवणाच्या टेबलावर झाला. सहा थर चढले. सातव्याला खालचा थर चारही बाजूंनी शांतपणे सरकला आणि लाडू घरभर गेले. एक फ्रिजखाली गेला तो काढायला काठी लागली. लाडू फुटले नाहीत, एवढे ते पक्के होते; उद्धवराव मात्र खुर्चीवर बसले ते उठेचनात. फळ्यावरच्या पिरॅमिडचा पाया कधी पाय पसरत नाही, हे त्यांच्या आता लक्षात आलं. भगवंतराव म्हणाले ते खरं होतं, ही गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त झोंबली.

खुशालरावांनी सगळं पाहिलं आणि तंबाखू मळत म्हणाले, "सर, कडब्याची गंजी रचता रचता माही जिनगानी गेली. खालचा थर मोकळा सोडला त गंजी पाय पसरतेच. चौकट ठोकून देऊ का?"

"चौकट नाही. नुसतं टेबल म्हटलंय मी."

"मंग लाडवाले बसाले शिकवा न! गोल वस्तू बसत नाई, लोळते. खालच्या शंभर लाडवाईचं बूड जरासं चापट करा."

गोदाबाईंनी शंभर लाडू वाफेवर किंचित धरून ताटावर हळूच टेकवले. बुडाला रुपयाच्या नाण्याएवढी चापट जागा झाली. पिरॅमिड दहाही थर चढला आणि दीड दिवस टेबलावर उभा राहिला. त्या दीड दिवसात असनाऱ्यांकडे कोणी शिंकलं नाही.

आता उरली परवानगी. लग्न अकोल्याला एका संस्थेच्या सभागृहात होतं आणि तिथल्या फॉर्मवर 'मांडणीचे स्वरूप' असा रकाना होता. उद्धवरावांनी प्रामाणिकपणे 'पिरॅमिड' लिहिलं. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला. "असनारे साहेब, मागच्या साली इथं एका पिरॅमिड योजनेवाल्यानं मेळावा घेतला आणि अर्ध्या गावाला टोपी घातली. कमिटीनं ठराव केलाय. पिरॅमिड बंद." उद्धवरावांनी दोन पानी पत्र पाठवलं. त्यात पिरॅमिडची व्याख्या, आकृती आणि घनफळाचं सूत्र होतं. उत्तर आलं की सदर बाब ध्यानधारणेची दिसते, त्यासाठी फॉर्म वेगळा आहे. शेवटी खुशालरावांनी फोन हिसकावून घेतला. "भाऊ, लाडवाचा ढीग हाय ढीग! लग्नात लाडू नाई ठेवत का तुमी?"

परवानगी त्याच संध्याकाळी आली. 'रुखवतात लाडवांचा ढीग, हरकत नाही.' उद्धवरावांनी तो कागद घडी करून फाइलमध्ये सर्वांत मागे लावला.

लग्नाच्या आदल्या सकाळी खुशालराव त्यांची जीप घेऊन आले. मागे अंड्यांचे तेरा ट्रे. अनुपमाबाईंनी डोळे मिटून घेतले. "अहो खुशालराव, लग्नाचं रुखवत! आणि ह्यात?"

"कोरे हाय वहिनी! अंड्यानं पाह्यले बी नाई यायले. तेर गुणिले तीस, तीनशे नव्वद. सरांचाच हिशोब हाय."

लाडू एकेका खळग्यात इतके नेमके बसले की उद्धवरावांना त्या ट्रे बनवणाऱ्याचा आदर वाटला. बडनेऱ्याच्या पुढे सगळं ठीक होतं. मूर्तिजापूरजवळ एका गतिरोधकावर पांढरे पट्टे मारायचे राहिले होते. जीप उडाली आणि खाली आली. मोजले तेव्हा पाच लाडू फुटले होते. बरोबर पाच. राहिले तीनशे पंच्याऐंशी, आता एकही जास्तीचा नाही. अकोल्याला सभागृहात ट्रे उतरवताना मुलाकडच्या दोन आत्यांनी ते पाहिलं आणि एकमेकींच्या कानाला लागल्या. उद्धवरावांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

टेबलावर संस्थेची गुळगुळीत मखमल होती. ती काढायला पुन्हा परवानगी लागते म्हणे. खुशालरावांनी ती परवानगीशिवाय काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्धवराव आणि गोदाबाई यांनी मिळून पिरॅमिड रचला. एक जण लाडू देई, एक जण ठेवी. शेवटचा लाडू ठेवायला अनुपमाबाईंना बोलावलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या पिरॅमिडबद्दल चांगलं बोलल्या. "छान दिसतोय हो," त्या म्हणाल्या.

अक्षता पडल्या, आणि मुलाकडची मंडळी रुखवत बघायला आली. भरतकामावरून, शेवयांवरून नजरा झरझर पुढे सरकल्या आणि पिरॅमिडपाशी थबकल्या. कोणीतरी मोबाइल काढला. भगवंतराव पुढे झाले. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, मागून पाहिलं, पाठीमागे हात बांधून एक प्रदक्षिणा घातली. उभा तर होता. मग त्यांनी ओठ हलवत आकडेमोड केली आणि चेहरा उजळला.

"मास्तर, तीनशे पंच्याऐंशी म्हणाला होतात ना? पिरॅमिडचं घनफळ म्हणजे पाया गुणिले उंची भागिले तीन. दहा दाहे शंभर, शंभर दाहे हजार, भागिले तीन. तीनशे तेहतीस! बावन्न लाडू गेले कुठे?" ते मंडळींकडे वळले. "बाकी सुंदर आहे. फक्त पोकळ आहे. आत डबा पालथा घातलेला दिसतो."

हशा पिकला. उद्धवरावांच्या कानशिलांत रक्त चढलं. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, पण लग्नघरी वरपक्षाच्या वडीलधाऱ्या माणसाला सर्वांदेखत शिकवायचं कसं? एकदा शिकवलं त्याचंच तर हे सगळं झालं होतं. त्यांनी पोरीकडे पाहिलं.

मुंडावळ्या बाजूला सारत अश्लेषाच पुढे आली. "काका, मोजून घ्या ना," ती गोड आवाजात म्हणाली. "नाहीतरी वाटायचेच आहेत. वरून एकेक थर उतरवू. प्रत्येक पाहुण्याला एक."

मग जे सुरू झालं ते अकोल्यातल्या कुठल्याही लग्नात झालं नसेल. केदार आणि अश्लेषा दोघं लाडू उतरवत, खुशालराव वाटत, आणि अख्खं सभागृह मोजत होतं. एक! चार म्हणजे पाच! नऊ म्हणजे चौदा! आतून डबा निघेना, काडी निघेना. नऊ थर उतरले तेव्हा सभागृहाने दोनशे पंच्याऐंशी अशी आरोळी दिली. स्वयंपाकी झारा घेऊन बाहेर आले. भगवंतरावांनी रुमालाने मान पुसली. शेवटचा थर म्हणजे शंभरच. आता मोजायचीही गरज नव्हती, पण मोजण्याची चटक लागली होती. तीनशे त्र्याऐंशी... तीनशे चौऱ्याऐंशी.

टेबल रिकामं होतं.

उद्धवरावांनी टेबलाखाली पाहिलं. गोदाबाईंनी पदर झटकला. "म्यां सोता शंभर मांडले," त्या पुटपुटल्या. सभागृहात अशी शांतता झाली की बाहेर बँडवाल्याचं खोकणं ऐकू आलं. अश्लेषाचा हात हवेत तसाच राहिला होता. भगवंतरावांनी घसा साफ केला.

"मी घेतला," मागून आवाज आला.

केदारच्या आई, माधवीताई. आयुष्यात जाऊबाईंपुढेही ज्यांनी आवाज चढवला नव्हता, त्या लाल होऊन उभ्या होत्या. "सकाळी मुहूर्ताच्या गडबडीत मला कोणी चहासुद्धा विचारला नाही हो. इकडे एकटी आले, तर तुपाचा असा वास! वरचा काढला असता तर दिसला असता, म्हणून मागच्या बाजूचा, अगदी खालच्या रांगेतला, मधला काढला. इतका सुरेख होता की दुसराही घेणार होते. ट्रेमधले लाडू म्हणून तोंड वाकडं करत होत्या ना आत्याबाई, त्यांना म्हणावं खाऊन बघा."

तीनशे पंच्याऐंशी. सभागृह टाळ्यांनी फुटायच्या बेतात होतं, पण भगवंतरावांनी हात वर केला. त्यांचा चेहरा पार बदललेला होता. ते भावजयीकडे वळले. "केव्हा काढला?"

"नवाला."

"आणि आता एक वाजला." ते रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिले. "म्हणजे चार तास हा पायातला एक दगड काढलेल्या अवस्थेत उभा होता? मी मागून फिरलो, मला फट दिसली नाही?" त्यांनी उद्धवरावांचे दोन्ही हात धरले. "सर, तीस वर्षं पूल बांधले मी. पायातला एक काढून बघायची छाती झाली नाही माझी कधी."

मग टाळ्या झाल्या, आणि बँडवाल्याने न सांगता वाजवायला घेतलं.  चार महिने उद्धवरावांनी या क्षणासाठी एक झणझणीत वाक्य घोकून ठेवलं होतं. ते त्यांना आठवलंही, पण म्हणावंसं वाटलं नाही.

"पण माझं सूत्र चुकलं कुठे?" भगवंतरावांनी हळूच विचारलं.

"सूत्र बरोबर आहे तुमचं. ते गुळगुळीत पिरॅमिडचं. लाडवांचा पायऱ्यापायऱ्यांचा असतो. तुमच्या गणितात त्या पायऱ्या तासल्या गेल्या. बावन्न लाडू तिथे गेले." उद्धवरावांनी पत्रिकेच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. भगवंतरावांनी चष्मा लावून ती पाहिली, दोन शंका विचारल्या, आणि दोन्ही चांगल्या होत्या. दोघांची पानं वाढून निवून गेली. वाढपी तीनदा बोलवायला येऊन गेले.

संध्याकाळी मुलीला निरोप द्यायची वेळ झाली. अश्लेषा आईच्या गळ्यात पडून रडली, वडिलांजवळ आली तेव्हा मात्र रडता रडता हसली. गाडीच्या दारापाशी जठारपेठेतले कोणी उशिरा आलेले पाहुणे नवी सून कोण म्हणून विचारत होते. उद्धवराव तिथेच पाठमोरे उभे होते. भगवंतराव अश्लेषाच्या डोक्यावर हात ठेवून, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही आमची सून. असनारे सरांची मुलगी. बाकीचं घरी चला, सांगतो."